१८५० च्या आधीची अमेरिकन खानेसुमारी आणि विवाहनोंदी : सरहद्दीवरच्या एका घराण्याचा माग

शेवंती (धागालेखिका)

माझी सून मूळची केंटकीची. तिच्या माहेरचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून केंटकीत आले आणि पुढे ओहायो नदी उतरून इंडियानात स्थायिक झाले, असे घरात सांगत आले आहेत. नातवाला शाळेत दोन्हीकडची वंशावळ लिहून न्यायची होती, त्या निमित्ताने मी या नोंदी वाचू लागले आणि गेली चार वर्षे त्यातून बाहेर पडलेले नाही. तिच्या माहेरच्यांची नावे येथे मांडणे मला योग्य वाटत नाही. म्हणून त्याच काळात, त्याच वाटेने गेलेले आणि ज्याचा प्रत्येक कागद अभ्यासकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ पारखला आहे, असे घराणे मी उदाहरणाला घेते : अब्राहम लिंकन यांचे आईवडील, थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स.

प्रथम खानेसुमारीविषयी. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय गणना १७९० मध्ये झाली आणि त्यानंतर ती दर दहा वर्षांनी होत राहिली. मात्र १८४० पर्यंतच्या सहाही गणनांत नाव लिहिले जाई ते फक्त कुटुंबप्रमुखाचे. बाकीची माणसे म्हणजे रकान्यांतले आकडे. १८०० आणि १८१० मध्ये गोऱ्या स्वतंत्र माणसांसाठी वयाचे पाच गट होते : दहाच्या आतील, दहा ते सोळा, सोळा ते सव्वीस, सव्वीस ते पंचेचाळीस आणि त्यापुढचे, पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. १८२० मध्ये सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक जादा रकाना आला, पण तीच मुले सोळा ते सव्वीसच्या रकान्यातही मोजली जात. हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या पहिल्या तक्त्यात एक मुलगा जास्त झाला आणि त्याचे नाव शोधण्यात माझे तीन महिने गेले. १८३० मध्ये छापील तक्ते आले आणि वयाचे गट लहान झाले. घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्मस्थळ १८५० पासून मिळते. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिण्याचा रकाना मात्र त्यानंतरही तीस वर्षांनी, १८८० मध्ये आला.

आता नॅन्सी हँक्स यांच्या आयुष्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १७८४ च्या सुमाराचा मानतात, आणि ५ ऑक्टोबर १८१८ रोजी इंडियानात त्या वारल्या. पांढरे स्नेकरूट नावाचे विषारी झुडूप खाल्लेल्या गाईंच्या दुधामुळे होणारा ‘मिल्क सिकनेस’ हे मृत्यूचे कारण सांगतात. त्यांच्या हयातीत तीन राष्ट्रीय गणना झाल्या. केंटकीचे १७९० आणि १८०० चे तक्ते आज उपलब्ध नाहीत, आणि १८१० च्या तक्त्यात विवाहित स्त्रीचे नाव लिहिण्याची सोयच नव्हती. म्हणजे देशाच्या सोळाव्या राष्ट्राध्यक्षांच्या आईचे नाव तिच्या हयातीतल्या कोणत्याही राष्ट्रीय गणनेत सापडू शकत नाही. ते सापडते विवाहाच्या कागदात.

केंटकीत त्या वेळी व्हर्जिनियाची पद्धत चालू होती. वर आणि एक जामीनदार काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीत जाऊन पन्नास पौंडांचे हमीपत्र लिहून देत. विवाहाला कायद्याची काही आडकाठी निघाली, तर ही रक्कम भरण्यास आम्ही बांधील आहोत, असा त्याचा आशय असे. मग परवाना मिळे. पाद्री विवाह लावत आणि नंतर आपण लावलेल्या विवाहांची यादी कचेरीत पाठवत. थॉमस लिंकन यांचे हमीपत्र १० जून १८०६ चे असून ते वॉशिंग्टन काउंटीतील आहे. जामीनदार रिचर्ड बेरी. विवाह १२ जून रोजी झाला. तो लावणारे मेथडिस्ट पाद्री जेसी हेड यांनी मात्र आपली यादी २२ एप्रिल १८०७ रोजी, म्हणजे दहा महिन्यांनी दिली. एकाच कागदावर अनेक जोडपी एकाखाली एक लिहिलेली आहेत, आणि त्यांच्यातच थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स हीही एक ओळ आहे.

हा कागद लिंकन यांना कधीच पाहायला मिळाला नाही. आपण जन्मलो त्या हार्डिन काउंटीकडच्या दप्तरात आईवडिलांच्या विवाहाची नोंद असावी, अशी त्यांची समजूत होती, आणि तेथे ती नव्हती. विरोधकांनी त्यांच्या जन्माविषयी नको ते पसरवले, तेव्हा पुढे करायला हाती कागद नव्हता. वॉशिंग्टन काउंटीच्या जुन्या बाडांतून नोंद बाहेर आली ती १८७८ मध्ये, त्यांच्या हत्येला तेरा वर्षे झाल्यावर. नोंद सबंध काळ सुरक्षित होती, फक्त शेजारच्या दप्तरात होती. मला या धाग्यात मुख्यतः हेच सांगायचे आहे : एखाद्या ठिकाणी नोंद मिळाली नाही, तर विवाह झालाच नाही असे लिहिण्याची घाई करू नये. वधूचे घर कोठे होते ते आधी शोधावे, कारण परवाना बहुधा वधू राहत असे त्या काउंटीतून घेतला जाई.

ज्यांनी असा शोध घेतला आहे, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत. मी स्वतः एका विवाहापाशी अडले आहे, त्याविषयी चर्चेच्या ओघात लिहीन.

दप्तरदार

शेवंतीताई, लेख अतिशय नेटका झाला आहे. मी नोकरीची सगळी वर्षे भूमी अभिलेखाच्या कामात काढली, त्यामुळे दोन शंका मनात आल्या. पहिली, हमीपत्र झाले म्हणजे विवाह झालाच, असे धरता येते का? दुसरी, जामीनदार कोणीही चालत असे, की तो नात्यातला असावा लागे?

शेवंती

दप्तरदारकाका, पहिल्या शंकेला याच घराण्यात उत्तर आहे. नॅन्सी यांच्या आई ल्यूसी हँक्स आणि हेन्री स्पॅरो यांचे हमीपत्र मर्सर काउंटीत २६ एप्रिल १७९० रोजी झाले. त्याला ल्यूसी यांची एक चिठ्ठी जोडलेली आहे. आपण सज्ञान आहोत आणि हेन्री यांनी परवाना घ्यावा यास आपली राजीखुशीने संमती आहे, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. विवाह मात्र ३ एप्रिल १७९१ चा, जवळजवळ एक वर्षानंतरचा. केवळ हमीपत्र पाहून १७९० हे विवाहवर्ष लिहिणारा येथे चुकला असता. म्हणून मी माझ्या वहीत ‘हमीपत्राची तारीख’ आणि ‘विवाहाची तारीख’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवते, आणि पाद्रींची यादी मिळेपर्यंत दुसरा कोरा ठेवते.

जामीनदार नात्यातलाच असावा असे बंधन नव्हते, परंतु बहुतेकदा तो वधूचा भाऊ, वडील, काका किंवा पालनकर्ता निघतो. पन्नास पौंडांची जोखीम परका माणूस सहसा घेत नाही. रिचर्ड बेरी यांच्या सहीशी ‘पालक’ या अर्थाचा शब्द दिसतो आणि त्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे, कारण नॅन्सी त्या वेळी एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या होत्या आणि कायद्याने त्यांना पालकाची गरज नव्हती. शिवाय त्या घरात बापलेक दोघांचेही नाव रिचर्ड बेरी होते. वडील आधीच वारले होते, त्यामुळे सही मुलाची ठरते.

ओहायोकर

माझी पत्नी ओहायोतील एका जुन्या शेतकरी घराण्यातली आहे. आमच्याकडे १८१० ची गणनाच जवळपास सबंध गहाळ आहे, त्यामुळे १८२० पूर्वीचे काही शोधायचे म्हटले की कर-याद्यांखेरीज गत्यंतर राहत नाही. केंटकीतही १७९० आणि १८०० साठी अभ्यासक तेच करतात. या याद्या दरवर्षी होत. एकवीस वर्षांवरील पुरुषाचे नाव, जमीन किती आणि कोणत्या ओढ्याकाठी, घोडे किती, असा तपशील त्यांत मिळतो. दहा वर्षांतून एकदा पडणाऱ्या उजेडापेक्षा दरवर्षीची ही मिणमिणती पणती मला अधिक उपयोगी पडली. एखादे नाव यादीत प्रथम आले, की तो मुलगा एकवीसचा झाला किंवा कुटुंब नुकतेच तेथे आले. आणि नाव नाहीसे झाले, की मृत्यू किंवा स्थलांतर. पुढच्या वर्षी त्याच ओढ्याकाठची तितकीच जमीन एखाद्या स्त्रीच्या नावावर दिसली, तर ती बहुधा विधवा असते.

दुसरी गोष्ट काउंटीच्या सीमांची. थॉमस लिंकन यांचे कुटुंब १८१६ च्या अखेरीस इंडियानात गेले. ते ज्या जागी उतरले ती तेव्हा पेरी काउंटीत होती. १८१८ मध्ये स्पेन्सर काउंटी झाली आणि घर न हलता काउंटी बदलली. अब्राहम यांचा जन्म हार्डिन काउंटीतला, पण ती जागा १८४३ पासून लारू काउंटीत आहे. जुने कागद सहसा मूळ काउंटीतच राहतात, नव्या काउंटीबरोबर जात नाहीत. ताई, तुमचे अडलेले प्रकरण कोणत्या वर्षातले आहे, हे कळल्यास बरे होईल.

मृद्गंध

एक विचारावेसे वाटते. या सगळ्या याद्यांत गुलाम केलेल्या माणसांचे काय? केंटकी हे गुलामगिरीचे राज्य होते. सुनेच्या माहेरच्या नोंदी वाचताना तो रकाना तुमच्याही नजरेस पडला असेल.

शेवंती

पडला, आणि तो रिकामा नव्हता. १८१० च्या ओळीत शेवटी ‘२’ हा आकडा आहे, बाकी काही नाही. सुनेला तो दाखवताना मला फार जड गेले. तिने मात्र तो आकडा वंशावळीच्या तक्त्यात त्याच घराखाली लिहायला लावला.

गुलाम केलेल्या माणसांसाठी १८५० आणि १८६० मध्ये स्वतंत्र तक्ते झाले, पण त्यांतही नाव मालकाचेच असते. त्याखाली वय, लिंग आणि वर्ण एवढेच. नावे अगदी अपवादाने मिळतात. बहुतेकांची नावे राष्ट्रीय गणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. त्यामुळे आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना १८७० पाशी भिंत लागते आणि त्यामागे जायचे तर मालकांची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि विक्रीखते वाचावी लागतात. ज्यांच्या भूमीवर ही सरहद्द पुढे सरकत होती, त्या मूलनिवासींपैकी कर न देणाऱ्यांना राज्यघटनेनेच गणनेबाहेर ठेवले होते. ‘सरहद्दीवरचे घराणे’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्या शब्दात कोण मोजले गेले आणि कोण नाही, हे तक्त्याच्या रकान्यांवरूनच समजते.

पाऊलवाट

नॅन्सी हँक्स यांच्या माहेराविषयी मी परस्परविरोधी वंशावळी पाहिल्या आहेत. एकीत त्या जोसेफ हँक्स यांची मुलगी आहेत, तर दुसरीत नात. जोसेफ यांच्या मृत्युपत्रात नॅन्सी हे नाव असल्याचे वाचले होते. मग वाद कशाचा?

शेवंती

वाद नावाच्या सारखेपणाचा. जोसेफ हँक्स यांचे मृत्युपत्र १७९३ चे, नेल्सन काउंटीतले. त्यात मुलांना घोडे आणि मुलींना कालवडी वाटून दिल्या आहेत, आणि नॅन्सी नावाच्या मुलीलाही एक कालवड आहे. १८९९ मध्ये छापल्या गेलेल्या एका वंशावळीने हीच लिंकन यांची आई ठरवली आणि तिची आई शिप्ली घराण्यातली असल्याचे मांडले. परंतु जोसेफ यांची ही मुलगी नॅन्सी वेगळी. ती डेनिस हँक्स यांची आई आणि पुढे लीव्हाय हॉल यांची पत्नी. लिंकन यांच्या आई नॅन्सी या ल्यूसी यांच्या मुलगी, म्हणजे त्या मावशीची भाची. एकाच घरात एकाच नावाच्या मावशी आणि भाची असल्यामुळे कागद खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मातृवंशीय डीएनए तपासणीचा कौलही शिप्ली मताच्या विरुद्ध गेला. ती तपासणी नात्यातल्या इतर स्त्रियांच्या वंशजांवरून करावी लागली, कारण नॅन्सी यांची एकुलती मुलगी सारा २० जानेवारी १८२८ रोजी बाळंतपणात वारली आणि तिचे मूलही जगले नाही.

उलट प्रकारची चूकही याच घराण्यात झाली आहे. सॅम्युअल हेक्राफ्ट हे एलिझाबेथटाउनचे जुने रहिवासी, हार्डिन काउंटीचे दप्तर सांभाळणारे. १८६० मध्ये त्यांनी लिंकन यांच्याकडे पूर्ववृत्ताची विचारणा केली. त्यांची समजूत सॅली जॉन्स्टन (म्हणजे सारा बुश; जॉन्स्टन हे त्यांचे पहिल्या विवाहाचे आडनाव) याच लिंकन यांच्या आई अशी होती. लिंकन यांनी २८ मे रोजी उत्तर लिहून सांगितले, की त्या वडिलांच्या दुसऱ्या पत्नी आणि आपल्या आईचे माहेरचे नाव नॅन्सी हँक्स. माझा तर्क असा, की हेक्राफ्ट यांच्या दप्तरात थॉमस यांचा एकच विवाह होता, २ डिसेंबर १८१९ चा. पहिला तेथे नव्हताच.

दप्तरदार

हे वाचून १८२० च्या गणनेत ते घर कसे दिसले असेल, असा विचार आला.

शेवंती

काका, नवशिक्यांना समजावताना मी हाच अभ्यास देते. गणनेचा दिवस ७ ऑगस्ट १८२०. थॉमस आणि सारा बुश यांच्या विवाहाला आठ महिने झालेले. घरात असायला हवेत थॉमस यांची सारा आणि अब्राहम; सारा बुश यांची पहिल्या विवाहातली एलिझाबेथ, मटिल्डा आणि जॉन; आणि शिवाय एकवीस वर्षांचे डेनिस हँक्स, जे आपल्या पालनकर्त्यांच्या मृत्यूनंतर लिंकन यांच्याकडे राहत होते. म्हणजे एक प्रौढ जोडपे, एक तरुण पुरुष, तीन मुली आणि दोन मुलगे. नावे झाकून हा तक्ता कोणाहीपुढे ठेवा. तो आई, वडील आणि सहा मुले असे एक सरळ कुटुंब वाचेल. प्रत्यक्षात दोन विवाहांची मुले आणि नॅन्सी यांचा एक मावसभाऊ अशी ती तीन ठिकाणची माणसे आहेत. पुढच्याच वर्षी डेनिस यांनी एलिझाबेथशी विवाह केला. आकड्यांवर विसंबून सर्वांना भावंडे ठरवणारा तेथे हबकला असता.

म्हणून आकड्यांचा तक्ता मिळाला, की मी आधी प्रत्येक रेघेपुढे संभाव्य जन्मवर्षे लिहिते, मग विवाहनोंदी, मृत्युपत्रे आणि जमिनीची खते यांत सापडलेली नावे शिसपेन्सिलीने समोर मांडते, आणि एखादी रेघ उरली तर ती तशीच ठेवते.

ओहायोकर

यात भर घालतो. १८५० नंतरच्या नोंदीही डोळे झाकून घेऊ नयेत. अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी यांचे वय १८५० च्या गणनेत २८ आहे आणि १८६० मध्ये ३५. खरे पाहता त्या अनुक्रमे ३१ आणि ४१ वर्षांच्या होत्या. प्रगणकाला माहिती कोणी दिली, हे त्या तक्त्यांत लिहिलेले नसते.

आडनावांच्या लेखनाबाबतही तेच. लिंकन यांचे आजोबा केंटकीच्या जमिनीच्या कागदांत ‘लिंकहॉर्न’ असे आढळतात. लिहिणारा कानावर पडेल तसे लिहीत असे. सूचीत नाव नाही मिळाले, तर त्या भागाची पाने एकेक करून वाचणे हाच उपाय. आणि शेजारची नावे उतरवून घ्यावीत, कारण प्रगणक घरोघर फिरत गेला असेल, तर सासर आणि माहेर चार ओळींच्या अंतरात सापडतात. काही प्रगणकांनी मात्र यादी नंतर अक्षरक्रमाने लावून दिली. सलग सगळी आडनावे एकाच अक्षराची दिसली, तर शेजाराचा तर्क तेथे चालत नाही.

ताई, तुमच्या अडलेल्या विवाहाचे वर्ष राहिलेच.

शेवंती

लिहिते. सुनेच्या पाचव्या पिढीतल्या आजोबांचा विवाह १८१७ च्या आसपासचा असावा, कारण थोरल्या मुलाचे वय १८५० मध्ये ३२ आहे. कुटुंब आज ज्या काउंटीत राहते तेथील विवाहांची नोंदवही मी तीनदा चाळली. त्यांचे नाव नाही.

ओहायोकर

ती काउंटी मुळात १८१७ मध्ये होती का?

शेवंती

आठवड्यानंतर लिहीत आहे. ओहायोकर, नव्हती. ती १८१८ मध्ये वेगळी झाली. दुसऱ्यांना सीमा तपासायला सांगणारी मी, स्वतःच्या शोधात मात्र चार वर्षे आजच्या नकाशावर विसंबून राहिले. जिच्यातून ती निघाली, त्या जुन्या काउंटीची नोंदवही मायक्रोफिल्मवरून डिजिटल केलेली आहे. काल रात्री ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि पहाटे दोनच्या सुमारास ओळ सापडली. आडनावात एक अक्षर वेगळे आहे. फेब्रुवारी १८१७ ची तारीख आहे. आणि वधूचे आडनाव तेच, जे १८२० च्या गणनेत त्यांच्या दोन ओळी वर आहे. तिचे पहिले नाव आम्हाला आजवर ठाऊक नव्हते. पुढच्या सगळ्या कागदांत ती फक्त रकान्यातली एक रेघ होती, आणि १८५० येण्याआधीच वारली होती.

सुनेला सकाळी फोन करून नाव सांगितले. तिने ते दोनदा उच्चारायला लावले आणि अक्षरे लिहून घेतली. आता त्या शेजाऱ्याचे मृत्युपत्र शोधायचे आहे. मुलगी म्हणून त्यात तिचे नाव आले, तर नाते पक्के होईल. तोवर वडिलांच्या चौकटीत शिसपेन्सिलीनेच लिहिले आहे.